नवरीच्या वाटेवरचा उत्पन्नाचा नाका

लग्नसराई आली की नांदेड-लातूरकडच्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'मुलगा काय करतो?' मुलीचा बाप विचारतो, मामा विचारतो, मध्यस्थही चौकशी करून येतो. अक्षता पडल्या की ही चौकशी संपली, असा आपला समज. पण मुलगा परदेशात कायमचा स्थायिक झालेला असेल, तर लग्नानंतर तीच चौकशी पुन्हा सुरू होते. या वेळी विचारणारे असते तिथले सरकार. बायकोला पोसण्याइतकी मिळकत आहे का? असेल तर कागद दाखवा. नसेल तर तिने माहेरीच थांबावे. नवरा-बायकोच्या मध्ये हा पगाराचा आकडा कसा येऊन बसला, ते आज पाहू.

सुरुवात आपल्या घरापासून करू. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव. शेजारची बार्शी मात्र इंग्रजी मुलखात. १९११ साली बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत आली. बार्शीची मुलगी लातूरला दिली, तर ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. वाटेत करोडगिरीचे नाके होते आणि तिथे मालावर जकात लागे. नवरीची गोष्ट वेगळी होती. सरकारी नोकऱ्यांसाठी 'मुलकी' कोण, हे ठरवणारे नियम १९१९ मध्ये संस्थानाने केले. बाहेरून आलेल्या माणसाला मुलकी व्हायला पंधरा वर्षांचे वास्तव्य लागे. मुलकी माणसाची बायको मात्र लग्नामुळेच मुलकी ठरे. नवऱ्याचा पगार किती, हा प्रश्न त्या नियमात नव्हता. हे नियम नोकरीपुरते होते, प्रवेशाचे नव्हते, हे खरे. तरी नाते पुरेसे मानण्याची ती रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याच सुमारास साता समुद्रापार वेगळे घडत होते. नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला कॅनडातून शीख भाविक येतात. त्यांच्यातल्या काहींच्या पणजोबांची पिढी ज्या दिव्यातून गेली, ती कथा ऐकण्यासारखी आहे. १९०८ साली कॅनडा सरकारने आशियातून येणाऱ्यांसाठी दोन अटी घातल्या. मायदेशातून थेट, न थांबता प्रवास करून आले पाहिजे आणि उतरताना जवळ दोनशे डॉलर पाहिजेत. भारतातून थेट जाणारी बोटच नव्हती. नियमात 'हिंदी लोकांना बंदी' असे शब्द कुठेही नव्हते, पण परिणाम तोच झाला.

आधीच तिकडे गेलेले पुरुष त्यामुळे एकटे पडले. व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्याचे पुढारी भाई भागसिंग आणि भाई बलवंतसिंग भारतात येऊन आपापल्या कुटुंबाला घेऊन १९१२ मध्ये परतले, तेव्हा पुरुषांना उतरू दिले आणि बायका-मुलांना अडवले. बराच झगडा झाल्यावर 'मेहेरबानी म्हणून' त्यांना राहू दिले गेले. हक्क म्हणून नव्हे, हे मुद्दाम बजावून. सर्वांच्या बायका-मुलांना दार उघडायला १९१९ साल उजाडावे लागले. दरम्यान १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' बोटीवरचे ३७६ प्रवासी व्हँकुव्हरला पोचले होते आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन महिने बंदरात ताटकळत ठेवून परत पाठवले गेले होते.

दक्षिण आफ्रिकेत पैशाची अट आणखी उघड होती. नाताळमध्ये गिरमिट संपल्यावर तिथेच राहू पाहणाऱ्या हिंदी मजुराला वर्षाला तीन पौंड कर होता. तो बायकोवर आणि वयात आलेल्या मुलामुलींवरही होता. गिरमिटाची सुरुवातीची मजुरी महिन्याला दहा शिलिंग. म्हणजे माणशी तीन पौंड ही सहा महिन्यांची कमाई! हा कर उठवण्यासाठी आपले गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली तिथे गेले आणि मंत्र्यांना भेटले. कर उठेल असे त्यांना वाटले, पण तो उठला नाही. उलट मार्च १९१३ मध्ये न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालाने ख्रिस्ती रीतीने न झालेल्या विवाहांची मान्यताच धोक्यात आली. मग गांधीजींच्या सत्याग्रहात कस्तुरबांसह स्त्रियाही तुरुंगात गेल्या. १९१४ च्या कायद्याने कर गेला आणि एका पत्नीचा विवाह मान्य झाला.

आता अमेरिकेकडे वळू. आज आपली मुले तिकडेच जास्त आहेत. तिथल्या १८८२ च्या कायद्यात, जो स्वतःचा भार उचलू शकणार नाही, सरकारवर बोजा होईल, त्याला उतरू देऊ नये, असे कलम आले. १९३० च्या मंदीत हेच कलम कडक वापरून परवाने रोखले गेले. हिंदी माणसाला तर १९१७ पासून दार बंदच होते. १९४६ मध्ये ते वर्षाला शंभर जणांपुरते किलकिले झाले. १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेले कोटे मोडले आणि कुटुंबाच्या नात्याला मान दिला. नवरा जामीनपत्र देई, पण कोर्टात त्याची फारशी किंमत नसे. १९९६ च्या कायद्याने ते बंधनकारक केले आणि डिसेंबर १९९७ पासून ते लागू झाले.

या जामीनपत्राचा हिशेब समजून घेतला पाहिजे. बोलावणाऱ्याची मिळकत तिथल्या सरकारी दारिद्र्य-मर्यादेच्या सव्वापट हवी. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोघांच्या कुटुंबाला हा आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. मिळकत कमी पडली तर मालमत्ता दाखवता येते. नागरिकाने बायकोला बोलावताना ती तुटीच्या तिप्पट हवी. पण ती वर्षाच्या आत रोख होण्याजोगी पाहिजे. दुसरा जामीनदारही चालतो, पण तो अमेरिकेचाच नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो. म्हणजे औशाकडच्या सासऱ्याचा सातबारा कितीही लांबलचक असो, त्याला सुनेसाठी जामीन राहता येत नाही. आपल्याकडे घराची ऐपत घराण्यावरून मोजतात. तिकडचा कागद एका माणसाचा पगार मोजतो.

ब्रिटनने ९ जुलै २०१२ पासून हा आकडा १८,६०० पौंड केला. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अट तत्त्वतः वैध ठरवली, मात्र मुलांच्या हिताकडे नियमांनी दुर्लक्ष केल्याचे सुनावले. ११ एप्रिल २०२४ पासून आकडा २९,००० झाला. नुसत्या बचतीवर भागवायचे तर ८८,५०० पौंड शिल्लक दाखवावे लागतात. नांदेडला चांगली नोकरी करणारी मुलगी असेल, तर तिथे गेल्यावर ती काय मिळवील, हे पहिल्या अर्जात धरत नाहीत. आखातातही तेच. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये हुद्द्याची अट काढून चार हजार दिरहॅम, किंवा राहण्याच्या सोयीसह तीन हजार, अशी पगाराची अट ठेवली. त्याखाली कमावणारा मजूर एकटाच राहतो.

या अटीला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. अमेरिकेतले जामीनपत्र घटस्फोटानेही संपत नाही. बायको नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांचे काम तिच्या खाती जमा होईपर्यंत नवऱ्याची जबाबदारी राहते आणि ती कोर्टात मागता येते. परक्या देशात टाकून दिलेल्या मुलीला हा आधार लहान नाही. आणि जो पोसू शकत नाही, त्याच्या भरवशावर मुलगी एवढ्या दूर पाठवू नये, हे तर आपले वडीलधारेही सांगत आले आहेत.

तरीही इतिहास एक सावधगिरी शिकवतो. दोनशे डॉलर असोत की तीन पौंड, आकडा दिसायला निःपक्षपाती असतो. तो कुठे ठेवायचा, हे ठरवणाऱ्याचा हेतू आकड्यात दिसत नाही. १९०८ मध्ये तो हेतू माणसांना दूर ठेवण्याचा होता. आजची अट रंग किंवा धर्म विचारत नाही. पण ती गरिबाला अडवते, श्रीमंताला नाही. कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला संसार करायचा हक्क त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवरून द्यायचा का, हा प्रश्न गोखल्यांच्या वेळी होता तसाच उभा आहे.

त्याचे उत्तर मिळेल तेव्हा मिळो. तोवर परदेशचे स्थळ आले, तर पत्रिकेबरोबर दोन गोष्टी विचाराव्यात. मुलगा तिथे कोणत्या परवान्यावर आहे? आणि बायकोला न्यायला त्याची मिळकत तिथल्या कायद्याला पुरते का? हे विचारण्यात संकोच नको. लग्न ठरण्याआधी आपण विचारले नाही, तर लग्नानंतर तिथले सरकार विचारणारच आहे. त्या उत्तराची वाट पाहत माहेरच्या ओसरीवर बसायची वेळ मात्र आपल्या मुलीवर येईल.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)