वाळूचा फवारा आणि मामांचा खोकला

ज्यांना बसमध्ये, शेतात, हॉस्टेलवर हेडफोन लावून ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी ऑडिओ आहेच. मागच्या वेळी "लेखी पण द्या" म्हणून मेसेज केलेल्यांसाठी हे शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलं.

आजचा विषय आहे दाबलेली हवा आणि वाळू. म्हणजे कॉम्प्रेसर आणि सँडब्लास्टिंग. "हा काय इतिहासाचा विषय झाला का?" असं वाटेल. पण थांबा, आधी एक घरातली गोष्ट सांगतो.

मी मूळचा चारठाण्याचा. जिल्हा परभणी, तालुका जिंतूर. आमच्या गावात रेल्वे नाही. लहानपणी गाडी बघायची तर सेलूला नाहीतर परभणीला जायचं. घरातली मोठी माणसं मीटर गेजच्या गाडीच्या गोष्टी सांगायची. काचीगुडा ते मनमाड अशी ती जुनी निजामाच्या काळातली लाइन. १९९० च्या दशकात आमच्या भागात ती ब्रॉडगेज झाली आणि ती छोटी गाडी गेली. मी ती फक्त ऐकली. म्हणून असेल, मला छोट्या रेल्वेचं वेड लागलं.

शिकायला पुण्याला गेलो तेव्हा कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघितलं. भाऊ जोशींनी उभं केलेलं, १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी उघडलेलं. दिवे मंद होतात, सिग्नल बदलतात, आणि बोटाएवढ्या गाड्या धावायला लागतात. मी तिथंच ठरवलं, आपण आपल्या लाइनचं एक इंजिन करायचं. मीटर गेजचं, वाफेचं, वायपी जातीचं. माप १:८७, ज्याला छंदवाले एच-ओ म्हणतात. या मापात १ मीटरचा रूळ होतो जेमतेम साडेअकरा मिलिमीटर!

पितळेच्या पत्र्याचं धड तयार झालं. रंग दिला. रंग फसला. काढून पुन्हा द्यायचा तर पितळ एकदम स्वच्छ आणि किंचित खरखरीत हवं, नाहीतर प्रायमर धरत नाही. त्यासाठी पेनासारखी छोटी ब्लास्टिंग गन मिळते. कॉम्प्रेसरची हवा तिच्यातून बारीक कण जोरात मारते आणि रंग उडतो. गन घेतली. कण विकत घ्यायला पैसे उरले नव्हते. सुट्टीत गावी आलो होतो, म्हणलं नदीची वाळू आहेच की! पिठाच्या चाळणीनं चाळली, मागच्या खोलीत बसलो आणि सुरू केलं.

खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात धूळ चमकत होती. मला ते छान वाटलं. तेवढ्यात मामा दारात आले. त्यांनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग माझा दंड धरून मला ओढत अंगणात आणलं. तेवढ्यानंच त्यांना धाप लागली. ओट्यावर टेकून बऱ्याच वेळानं बोलले, "भाच्या, मी हीच धूळ खाल्लीय अकरा वर्षं."

मामा तरुणपणी एका औद्योगिक वसाहतीत कामाला होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. काम काय, तर ओतकामाच्या सुट्या भागांवर वाळूचा फवारा मारून ते साफ करायचे. तोंडाला गमछा. पुढं खोकला लागला. टीबी म्हणून औषधं झाली. टीबी गेला, खोकला राहिला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून पहिल्यांदा विचारलं, "काम काय करत होता?" तेव्हा कुठं खरं नाव कळलं. सिलिकोसिस.

त्या दिवसानंतर मी या यंत्राचा इतिहास शोधायला लागलो.

भात्यापासून बोगद्यापर्यंत

हवा दाबून वापरायची युक्ती जुनी आहे. लोहाराचा भाता म्हणजे हातानं चालणारा कॉम्प्रेसरच. पण भात्याचा दाब किरकोळ. मोठा दाब, लांबपर्यंत नळीनं नेलेला, हा उद्योग १९ व्या शतकातला. आणि गंमत बघा, त्याला मोठं केलं ते रेल्वेनं.

फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये आल्प्स पर्वत. त्यातून रेल्वेचा फ्रेजस बोगदा काढायचं काम १८५७ मध्ये सुरू झालं. जवळपास १३ किलोमीटर लांबी. एवढ्या आत वाफेचं इंजिन चालवलं तर धुरानं माणसं गुदमरणार. म्हणून सोमेयेर नावाच्या इंजिनिअरनं पाण्याच्या जोरावर हवा दाबली, ती नळ्यांनी आत नेली आणि १८६१ पासून तिच्यावर दगड फोडायची ड्रिल चालवली. वापरून सुटलेली हवा आतल्या मजुरांना श्वासाला मिळायची. १८७१ मध्ये बोगदा खुला झाला.

त्याच काळात इकडं आपल्या भोर घाटात काय चाललं होतं? १८५६ ते १८६३ या काळात खंडाळ्याची चढण रेल्वेनं जिंकली. २५ बोगदे. तिथं दाबलेली हवा नव्हती. छिन्नी, घण, सुरुंगाची दारू आणि हजारो मजुरांचे हात. तिकडं यंत्रानं भोक पडत होतं, इकडं माणसानं.

१८६९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसनं हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. आज परभणी स्टेशनात गाडी थांबली की "फुस्स" आवाज येतो ना, ती तीच दाबलेली हवा. आपल्याकडं कॉम्प्रेसर बनवायचा मोठा कारखाना पुण्यात हडपसरला उभा राहिला, किर्लोस्कर न्यूमॅटिक, १९५८ मध्ये. पुढं पंक्चरच्या दुकानापासून दातांच्या दवाखान्यापर्यंत कॉम्प्रेसर पोचला. आणि शेवटी माझ्यासारख्याच्या टेबलाखाली.

एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

आता वाळूकडं या. बेंजामिन टिल्गमन हा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा माणूस, तिथल्या यादवी युद्धात लढलेला. त्यानं १८७० मध्ये सँडब्लास्टिंगचं पेटंट घेतलं. वाऱ्यानं उडणाऱ्या वाळूनं खिडक्यांच्या काचा धूसर झालेल्या बघून त्याला हे सुचलं, अशी गोष्ट सांगतात. वाफेच्या किंवा हवेच्या झोतात वाळू सोडायची. काचेवर नक्षी काढा, दगडावर अक्षरं कोरा, लोखंडाचा गंज उडवा. हातानं दिवसभर लागणारं काम झटक्यात व्हायला लागलं.

आणि त्याच १८७० मध्ये इटलीत, मिलानच्या दवाखान्यातल्या अकिले विस्कोंती नावाच्या डॉक्टरनं दगडाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला नाव दिलं, सिलिकोसिस. सिलेक्स म्हणजे लॅटिनमध्ये गारेचा दगड.

कळलं का मंडळी? यंत्राचं पेटंट आणि आजाराचं नाव, दोन्ही एकाच वर्षी. म्हणजे "तेव्हा कुणाला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोयच नाही. पाथरवटांना, खाणवाल्यांना हा आजार होतो हे त्याच्याही आधीपासून माहीत होतं.

नदीतली वाळू हातात घेतली तर काही होत नाही. तिचे कण मोठे, गोलसर, जड. पण तोच कण जोरात धातूवर आपटला की फुटतो. वाळूत गारगोटीचा अंश असतो, तिचे डोळ्यांना न दिसणारे धारदार तुकडे होतात आणि ते हवेत तरंगत राहतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या अगदी तळाशी जातात. शरीरातल्या रक्षक पेशी त्यांना गिळतात आणि स्वतःच मरतात. तिथं व्रण पडतो, व्रणावर व्रण. काम सोडलं तरी हे थांबेलच असं नाही. झालेलं नुकसान भरून येत नाही. वर टीबीचा धोका वाढतो. मामांचं अगदी असंच झालं.

मग बंदी कधी आली? ब्रिटननं कारखान्यात ब्लास्टिंगसाठी अशी वाळू वापरायला मनाई केली १९४९ च्या नियमांनी. वजाबाकी करा, ७९ वर्षं. अमेरिकेत सरकारच्याच आरोग्य संस्थेनं १९७४ मध्ये बंदीची शिफारस केली, पण सरसकट बंदी आली नाही. तुर्कस्तानात तरुण पोरं जीन्सला जुनाट लूक द्यायला तिच्यावर वाळू मारायची. बंद खोल्यांत, साध्या मास्कवर. विशी-पंचविशीतली मुलं दगावायला लागली तेव्हा २००९ मध्ये तिथं बंदी आली. जुनाट दिसणारी जीन्स आपणही हौसेनं घालतोच की.

आपल्याकडं १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवायलाच हवा अशा आजारांच्या यादीत होता. पण कळवणार कोण? डॉक्टरनं काम विचारलं तर. कामगाराकडं नोकरीचा कागद असेल तर. मामांकडं हजेरीचा एकही कागद नाही. लहानपणी आपण पाटीवर ज्या पेन्सिलीनं ग म भ न गिरवलं, ती पेन्सिल कापणाऱ्या मंदसौरच्या कामगारांनाही हाच आजार झाला. आपल्या घरातल्या किती वस्तूंत कुणाचा तरी श्वास गेलेला असतो!

मग छंद सोडायचा का?

मी सोडला नाही. मामांनीच सोडू दिला नाही. म्हणाले, "मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला सांगितलंय. आता नीट कर."

तर छंदवाल्यांनो, हे ऐका. नदीची वाळू, बांधकामाची वाळू, कितीही चाळलेली असो, वापरायची नाही. पितळेला बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे गोल मणी. प्लॅस्टिकच्या डब्यांना खायचा सोडा, दाब कमी ठेवून. हे का चालतं ते कडकपणावरून कळतं. मोहच्या मोजपट्टीवर गारगोटी ७, ॲल्युमिनियम ऑक्साइड ९, पितळ ३ च्या आसपास, सोडा अडीच. सोडा रंग काढतो, खालचे रिव्हेटचे ठिपके बऱ्यापैकी राखतो.

दुसरं, काम बंद पेटीत. काचेचं झाकण, हात घालायला मोजे, मागून धूळ ओढणारी नळी आणि फिल्टर. पेटी झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. तोंडाला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ तरी हवाच, पण मास्क म्हणजे पेटीला पर्याय नव्हे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तीही धूळच.

तिसरं, कॉम्प्रेसर. नवखे फक्त दाब बघतात. एअरब्रशनं रंग मारायला १५ ते ३० पीएसआय पुरतात आणि हवाही थोडीच लागते. ब्लास्टिंगला हवा भरपूर आणि सतत लागते. बिनटाकीचा छोटा कॉम्प्रेसर लगेच दमतो. हवा दाबली की तिच्यातलं पाणीही सुटतं, पावसाळ्यात तर जास्तच. कण ओले होऊन नोझल तुंबतं, म्हणून पाणी अडवणारा फिल्टर लावायचा आणि टाकी रोज रिकामी करायची.

देवळाचा खांब

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळं हा भाग आज केला.

चारठाणा म्हणजे आमच्याकडं नुसतं गाव नाही. जुनं नाव चारुक्षेत्र असं सांगतात. एके काळी ३६० देवळं होती अशीही आख्यायिका आहे. आकडा सोडा, पण यादवकाळातली देवळं, बारव आणि तो उंच कोरीव दगडी स्तंभ आजही उभे आहेत. सातशे-आठशे वर्षांचं हे काम. हातानं, छिन्नीनं केलेलं.

मागच्या महिन्यात गावच्या ग्रुपवर मेसेज आला. एका जुन्या देवळाच्या खांबांवर कुणीतरी पूर्वी श्रद्धेनं ऑइल पेंट मारलेला आहे. पोरांना तो काढायचाय. "दादा, तुझ्याकडं मशीन आहे ना? मोठा कॉम्प्रेसर भाड्यानं आणू, वाळू मारू, दोन दिवसांत देऊळ चकाचक!"

हेतू चांगलाच. पण मी नको म्हणलं. वाळूला रंग आणि नक्षी यातला फरक कळत नाही. आपला काळा दगड कडक असतो हे खरं, पण त्यात जागोजाग मऊ खनिजं भरलेली असतात. ती आधी उडतात आणि खड्डे पडतात. मूर्तीचं नाक, दागिन्याची कड, शिलालेखाचं अक्षर गोल होतं. दगडाचं वरचं कवच गेलं की पाणी आत मुरतं. तमिळनाडूत देवळांवर असंच केलं गेलं, कोरीव काम झिजलं, ओरड झाली आणि तिथल्या देवस्थान खात्याला ते थांबवावं लागलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्यानं तर १९७९ मध्येच जुन्या इमारतींवर असा मारा करू नका म्हणून खास पुस्तिका काढली. शिवाय धूळ त्या गल्लीतल्या लेकराबाळांच्या छातीत जाणार, ते वेगळंच.

मामांना ग्रुपवर टाइप करता येत नाही. त्यांनी व्हॉइस नोट टाकली. अर्धी नोट नुसता खोकला. शेवटी एवढंच, "पोरांनो, रंग आज ना उद्या निघंल. नाक परत येत नाही. छाती बी परत येत नाही."

ग्रुप शांत झाला. मग एकानं विचारलं, "मग करायचं काय?" आता आम्ही राज्याच्या पुरातत्त्व खात्याला अर्ज करतोय. रंग काढायचे हळू मार्ग असतात, लेप लावून, मऊ ब्रशनं, जाणत्या माणसाच्या देखरेखीत. वेळ लागेल. लागू द्या.

माझं इंजिन झालंय. काळं, सेलूच्या वाटेवरचं, बोटभर. मामांनी ते तळहातावर घेऊन बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पेटीत केलं का?"

मी म्हणलं, "हो मामा, पेटीत."

तुमच्या घरात, गल्लीत कुणी ब्लास्टिंग, दगड कापणं, टाइल घासणं असली कामं करत असेल तर हा भाग त्यांना ऐकवा. आणि दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, काम काय करता ते आधी सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!