काळ्या पाण्याचा रंग

आमची आजी ‘काळे पाणी’ हे शब्द उच्चारताना आवाज खाली आणीत असे. त्यामुळे अंदमानचा समुद्र शाईसारखा असणार, अशी लहानपणी माझी खात्रीच होती. गेल्या हिवाळ्यात सहकुटुंब तेथील धक्क्यावर उभा राहिलो, तो पायाखाली पाचूसारखे हिरवेगार पाणी! तळाशी फिरणारे मासे मोजून घ्यावेत इतके निर्मळ.

“बाबा, मग ह्याला काळे कोण म्हणाले?” आमच्या कन्येने विचारले. मास्तराला वर्गातला प्रश्न एखादे वेळी टाळता येतो. घरचा टाळता येत नाही.

समुद्र ओलांडला की माणूस जातीला मुकतो, ही जुनी समजूत. इंग्रजांनी ह्या भीतीचीच शिक्षा केली. १७८९ साली आर्चिबाल्ड ब्लेअरने येथे वसाहत घातली होती; पण रोगराईने ती १७९६त मोडली. पुढे सत्तावनचा उठाव झाला आणि १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर दोनशे बंदी घेऊन येथे उतरला. त्या बंद्यांच्या हातांनी जंगल तुटले, रस्ते झाले.

समोरच्या चिमुकल्या रॉस बेटावर साहेबांनी आपली राजधानी थाटली. चर्च, पाव भाजण्याची भट्टी, नाचाचा दिवाणखाना, सारे काही. १९४१च्या भूकंपाने ते वैभव खचले. पुढल्या वर्षी जपानी आले. आता ह्या बेटाला नेताजींचे नाव आहे. चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी अजगरासारखी मिठी मारली आहे आणि साहेबांच्या अंगणातून ठिपक्यांची हरणे निर्धास्त हिंडतात.

बंदरापलीकडे माउंट हॅरिएट. २०२१पासून त्याचे नाव माउंट मणिपूर. कारण १८९१च्या युद्धानंतर मणिपूरचे राजे कुलचंद्र आणि त्यांचे सोबती येथे कैदेत होते. ह्या डोंगरावरून सूर्यास्त पाहावा, असे सगळेच सांगतात. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनेही तो पाहिला. अंधारात मशालींच्या उजेडात तो खाली होपटाउनच्या धक्क्यावर आला, आणि शेर अली नावाच्या पठाण बंद्याने त्याच्यावर सुरी चालवली. हिंदुस्थानात मारला गेलेला हा एकमेव व्हाइसरॉय. सुमारे महिन्याभराने शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी दिले. सूर्यास्त तोच, एकाला तो डोंगरावरून पाहायचा होता, दुसऱ्याला त्यानंतर बराकीत परतायचे होते.

शेवटी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षे ते बांधले जात होते. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत. आज तीन उरल्या आहेत. प्रत्येक कोठडीचे तोंड पुढल्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे माणसाला माणूस दिसू नये! ४ जुलै १९११ रोजी सावरकर येथे आले. थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच तेथे होते. एकाच छपराखाली सख्खे भाऊ, आणि भेटीची चोरी! काथ्या कुटणे, बैलाप्रमाणे कोलू ओढून तेल काढणे, हे ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या वाचकांना मी काय सांगावे? दोघे बंधू १९२१ साली येथून हलले.

गच्चीवर गेलो. तेथून समुद्र, रॉस बेट, नारळी, सारे एखाद्या चित्रासारखे दिसत होते. “किती सुंदर!” आमची मंडळी सहज म्हणाली, आणि लगेच गप्प झाली.

मग खाली एका कोठडीत शिरलो. साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद. गज लावलेला झरोका पार वर, छताजवळ. कन्येने हट्ट धरला म्हणून तिला खांद्यावर घेतले. तिने टाचा उंचावल्या, हात ताणले. तरी ती झरोक्याशी पोचेना.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “इथून समुद्र दिसतच नाही.”

मी तिला खाली उतरवले. धक्क्यावर विचारलेला प्रश्न तिने पुन्हा काही विचारला नाही.