शेवाळी वनस्पतींतील कर्करोगविरोधी संयुगे

मॉस (हरिता) आणि यकृतका या शेवाळी विभागातील वनस्पतींत आढळणारी, कर्कपेशींची वाढ रोखणारी किंवा त्यांना मारणारी नैसर्गिक संयुगे. त्यांच्याविषयीचा पुरावा मुख्यतः काचपात्रातल्या पेशींवरचा आणि काही प्रमाणात उंदरांवरचा आहे. शेवाळीपासून थेट काढलेले कर्करोगावरचे औषध अद्याप वापरात नाही. म्हणून शेवाळीचा काढा किंवा चूर्ण रुग्णाला देणे धोक्याचे आहे. फ्रुलॅनिया या यकृतकेतील लॅक्टोनांमुळे लाकूडतोड्यांच्या त्वचेला दाह होतो, हे पूर्वीपासून माहीत आहे.

रसायनांच्या बाबतीत यकृतका मॉसपेक्षा बऱ्याच श्रीमंत. त्यांच्या पेशींत पटलाने वेढलेले तैलपिंड असतात आणि त्यांत टर्पिने व बायबेंझिले साठतात. मॉसमध्ये असे पिंड नसतात. मार्चान्शिया या यकृतकेत ते ठरावीक पेशींतच दिसतात. २०२० मध्ये तैलपिंड तयारच न होणारी मार्चान्शियाची रोपे, अंगाची गोळी करणाऱ्या कवचधारी किड्यांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी ती फस्त केली. साध्या रोपांना मात्र ते फारसे शिवले नाहीत. साल नाही, काटा नाही, अशा वनस्पतीचे हेच संरक्षण. आपल्याला हवी असलेली संयुगे या साठ्यातच सापडतात.

जपानच्या तोकुशिमा बुनरी विद्यापीठातील योशिनोरी आसाकावा व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्चान्शियातून मार्चान्टिन-ए वेगळे केले. दोन बायबेंझिले ऑक्सिजनच्या पुलांनी जोडून झालेले हे मोठे वलय आहे. त्याच कुळातले मार्चान्टिन-सी पेशीविभाजनाला लागणाऱ्या सूक्ष्मनलिका बनू देत नाही. सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाचे लक्ष्यही त्याच नलिका. रिकार्डिन-डी टोपोआयसोमरेज-२ या विकराला अडवते. प्लॅजिओकिलिन-ए तर विभाजनाच्या अगदी शेवटी, दोन पेशी सुट्या होतानाच, काम थांबवते.

मॉसमधील सर्वांत लक्षणीय नोंद अन्सामायटोसिनची. क्लाओपोडियम व अ‍ॅनोमोडॉन या मॉसांत १९९० च्या सुमारास ते आढळले, पण ते मॉसचे की त्यावर राहणाऱ्या जिवाणूंचे, ही शंका संशोधकांनीच मांडली. हेच संयुग जपानमध्ये १९७७ मध्ये एका जिवाणूतून मिळाले होते. त्यापासून बनवलेला विषारी घटक प्रतिपिंडाला जोडलेले ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध २०१३ पासून अमेरिकेत मान्य आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने खरा प्रश्न पुरवठ्याचा. सुरतेच्या आग्नेयेच्या डांगापासून महाबळेश्वर, आंबोलीपर्यंतच्या सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या खडकांवर यकृतका दाट येतात. याच डोंगरांतल्या नरक्या वृक्षात कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी संयुग असल्याचे १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी दाखवले. पुढे या संयुगावर बेतलेली औषधे आली, मागणी वाढली आणि नरक्याची बेसुमार तोड झाली. बहुतेक यकृतका तर बोटाएवढ्याही नसतात. ग्रॅमभर शुद्ध संयुगासाठी रानातून गोळा करायचे म्हटले तर कडेच्या कडे खरवडावे लागतील. ते टाळता येईल, कारण मार्चान्शिया प्रयोगशाळेत सहज वाढते. तिच्या पानासारख्या अंगावरच्या इवल्या चषकांत हिरव्या चकत्या तयार होतात आणि प्रत्येक चकतीपासून नवे रोप उगवते. तिचा जीनोम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे ही संयुगे कोणत्या जनुकांमुळे बनतात, याचा शोधही सोपा झाला आहे.