चर्नी रोडच्या बागेतले गुरुजी

दिवाळीचा फराळ रंगात आला की घरातल्या वडीलमंडळींची नजर हमखास परीक्षेच्या वर्गातल्या मुलाकडे वळते. "मग, पुढं काय करायचं ठरवलंस?" असा प्रश्न येतो आणि बिचाऱ्याच्या हातातली चकली हातातच राहते. मामा म्हणतात विज्ञानाला जा, काकांना वाणिज्य बरे वाटते, आत्या कुणाच्या तरी मुलीचा दाखला देते. सल्ल्याला तोटा नसतो. मुलगा वैतागतो, पण ज्या घरात कॉलेज पाहिलेले माणूसच नाही, तिथला मुलगा त्या दारापर्यंत पोचतो तरी कसा? याचा एक जुना दाखला मुंबईतल्या एका बागेत सापडतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक झाली. रानडे-भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक म्हणजे शाळेचा शेवट असे आपण समजत आलो. मुळात ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. मात्र ती उतरलेल्या मुलाने पुढे फी कुठून आणायची, पुस्तके कुणाची वापरायची, आणि मध्येच पैसे संपले तर कुणाचे दार ठोठवायचे, हे कुठल्याच परीक्षेत विचारीत नसत. ते ज्याच्या घरी ठाऊक असे, तो पुढे जाई.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक घेऊन बसे. विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर हेही संध्याकाळी तिथे वाचायला येत. केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे. छत्रपती शिवाजी महाराजांचे आणि गौतम बुद्धाचे चरित्र लिहिणारे हे विद्वान गृहस्थ. रोज त्याच बागेत वाचीत बसणाऱ्या मुलाची त्यांनी विचारपूस केली. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलातला, नाव भीमराव आंबेडकर. ओळख वाढली. केळुसकर त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले.

त्याचे घर म्हणजे परळच्या डबक चाळीतली एक खोली. भांडीकुंडी, सरपण, चुलीचा धूर, कोपऱ्यात बांधलेली शेळी. वडील सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत स्वतः जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवून आपण अंग टाकीत. मुलाला पुस्तक हवे झाले आणि हातात पैसा नसला, तर ते लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवून परत नेऊन देत. बापाने याहून काय करायचे?

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या पालकांना हा आकडा लहान वाटेल, पण अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलाने त्या काळी मॅट्रिक होणे हीच अपूर्वाई होती. परीक्षेतली त्यांची दुसरी भाषा फारसी होती. हौस संस्कृतची, पण ते शिकण्याची वाट त्यांच्या जातीमुळे बंद केलेली. विषय "निवडणे" हा शब्द आपण किती सहज वापरतो!

त्यांच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. धनंजय कीरांच्या चरित्रात ही सभा मॅट्रिकनंतरची आहे. बाबासाहेब स्वतः मात्र ती इंग्रजी चौथीनंतरची सांगतात. त्यांची हकीकत मोठी गोड आहे. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींचा सभेलाच विरोध. तेव्हा लोक केळुसकरांकडे गेले, कारण ते रामजींचे स्नेही. केळुसकरांनी समजूत घातली आणि सभा झाली. मला बाबासाहेबांचेच स्मरण जवळचे वाटते.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेज. म्युलर नावाचे प्राध्यापक पुस्तके देत, कपडेही देत. इंटर होता होता मात्र रामजींची ओढाताण हाताबाहेर गेली. बी. ए. अर्ध्यावरच राहणार असे दिसू लागले. मुलगा हुशार होता, बाप खंबीर होता. पण त्यापुढचा रस्ता दोघांनाही माहीत नव्हता. केळुसकरांना तो माहीत होता. अस्पृश्य समाजातल्या लायक विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी साहाय्य करू, असे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी थोड्याच दिवसांपूर्वी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये जाहीर केले होते. केळुसकरांचे बुद्धचरित्र बडोद्याच्याच ग्रंथमालेसाठी लिहिलेले, म्हणजे ते दार त्यांच्या परिचयाचे. ते भीमरावांना घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

महाराजांचे जाहीर शब्द पुष्कळांनी ऐकले असतील. ते ऐकून एका विशिष्ट मुलाला हाताशी धरून नेणारे हे शिक्षक. टाउन हॉलमधली घोषणा डबक चाळीपर्यंत आपल्या पायांनी चालत आली नसती.

भीमराव पदवीधर झाले ते १९१३च्या सुरुवातीला. लगेच २ फेब्रुवारीला रामजी गेले. तोवर एक दार ओळखीचे झाले होते. महाराजांच्या मनात काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात धाडायचे होते. त्यांनीच अर्ज करायला सांगितले. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली: तीन वर्षे शिष्यवृत्ती, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले.

केळुसकर गुरुजी १९३४ साली वारले. त्यानंतर बारा वर्षांनी, २० जून १९४६ रोजी, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत आपले पहिले कॉलेज उघडले. पोटासाठी नोकरी करणाऱ्या मुलांनाही शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. कॉलेजचे नाव ठेवले सिद्धार्थ.