भाड्याचा संगणक

सॉफ्टवेअर विकत न घेता ठरावीक वर्गणी भरून इंटरनेटवरून वापरण्याची पद्धत ‘सास’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. प्रोग्रॅम आणि त्यात भरलेली माहिती, दोन्ही विक्रेत्याच्या सर्व्हरवर असतात. ग्राहकाच्या टेबलावर ब्राउझर आणि इंटरनेटची जोडणी एवढेच लागते. ही पद्धत एकविसाव्या शतकाची देणगी म्हणून सांगितली जाते, पण ते अर्धेच खरे आहे. संगणकाचे काम बाहेरून करून घेणे हाच व्यापारातला पहिला रिवाज होता. संगणक आणि सॉफ्टवेअर दोन्ही आपल्या मालकीचे असण्याचा काळ मधल्या वीस-पंचवीस वर्षांचाच आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या पॅटरसन गावी हेन्री टॉब यांनी १९४९ साली इतर कंपन्यांचे पगारपत्रक करून देण्याचा धंदा सुरू केला. पुढे तोच एडीपी या नावाने जगभर पसरला. १९५७ मध्ये आयबीएमने आपले ‘सर्व्हिस ब्युरो’ वेगळ्या कंपनीकडे सोपवले. ग्राहकाने कागद पाठवायचे आणि ब्युरोने कार्डांना भोके पाडून यंत्रातून हिशेब काढून परत द्यायचे, असा तो व्यवहार होता. एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांनी १९६१ मध्ये एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची व्यवस्था दाखवली. त्याच वर्षी तिथल्याच जॉन मॅकार्थी यांनी संगणकसेवा एक दिवस टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होईल असे भाकीत केले. जनरल इलेक्ट्रिकने १९६५ पासून संगणकाचा वेळ विकायला काढला.

भारतात तर भाडे हाच नियम होता. आयबीएमची १४०१ यंत्रे इथल्या कंपन्यांना विकत मिळत नसत, भाड्यानेच मिळत. त्यातली बरीचशी परदेशात वापरून झालेली आणि डागडुजी करून आणलेली असत, हा त्या कंपनीविरुद्धचा जुना आक्षेप. मुंबईत १९६८ साली टाटा सन्सचा विभाग म्हणून टीसीएस सुरू झाली तेव्हा तिची पहिली कामे ब्युरोचीच होती. टिस्कोसाठी पंचकार्डांचे काम, सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधल्या नोंदींचा मेळ आणि युनिट ट्रस्टचे हिशेब ती करत असे. सॉफ्टवेअर निर्यात करणारी देशातली सर्वांत मोठी कंपनी अशी दुसऱ्याची खाती जुळवत उभी राहिली. परकीय भांडवलावरच्या निर्बंधांमुळे १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला आणि भाड्याच्या या पहिल्या पर्वाला उतरती कळा लागली.

मालकीचे पर्व आणले ते पर्सनल कॉम्प्युटरने. भारतीय व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्या पर्वाचे नाव टॅली. बंगळूरमध्ये श्यामसुंदर गोएंका यांचा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना माल पुरवण्याचा व्यवसाय होता. त्यांच्या हिशेबासाठी बाजारात मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांचे पुत्र भरत यांनी ते स्वतः लिहिले. १९८६ साली प्युट्रॉनिक्स नावाने कंपनी निघाली, तिची टॅली सोल्युशन्स झाली १९९९ मध्ये. खात्यांना सांकेतिक क्रमांक देण्याची सक्ती या सॉफ्टवेअरने केली नाही. पार्टीचे नाव टाइप केले की तिचे लेजर समोर, एवढे ते सोपे होते. किर्द-खतावणी जाणणाऱ्या दिवाणजीला त्यामुळे नवे शास्त्र शिकावे लागले नाही.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या पेठांपासून मुंबईच्या मसजिद बंदरापर्यंत या सॉफ्टवेअरभोवती एक पूर्ण व्यवस्था तयार झाली. संध्याकाळी पाच-सहा दुकाने फिरून व्हाउचर भरणारा पार्टटाइम अकाउंटंट हा तिचा कणा. वर्षअखेरीला दुकानाच्या संगणकातले १०००० किंवा १०००१ अशा पाच आकडी नावाचे फोल्डर फ्लॉपीवर, नंतर पेनड्राइव्हवर उतरवले जाई आणि सीएच्या कार्यालयात पोहोचे. तिथे सीएने दुरुस्त्या केल्या आणि इकडे दुकानात नव्या नोंदी चालूच राहिल्या, की दोन प्रती दोन वाटांना लागत. मग कोणती खरी, यावर एप्रिल-मे महिना जाई. हार्ड डिस्क बसली तर वर्षाचा हिशेब बिलांच्या गठ्ठ्यांवरून पुन्हा भरावा लागे. चोरीच्या प्रतींचा सुळसुळाट होता तो वेगळाच. तरीही या व्यवस्थेचा एक गुण व्यापाऱ्याला फार मोलाचा वाटे: हिशेब आपल्या भिंतींच्या आत होता. लक्ष्मीपूजनाला ज्या चौरंगावर चोपड्या मांडत, त्यावर कुठे कुठे संगणकाचा कीबोर्डही आला.

अमेरिकेत मात्र चाक उलटे फिरू लागले होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी मोठी सॉफ्टवेअर स्वतःच्या केंद्रात बसवून ती भाड्याने देणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी प्रत बसवायची, वेगळी सांभाळायची, असे त्यांचे काम होते. खर्च ग्राहकांच्या संख्येबरोबर वाढत गेला, त्यात टेलिफोनच्या तारेवरचे इंटरनेट संथ, आणि त्यातली यूएसइंटरनेटवर्किंगसारखी मोठी कंपनी २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली. यातून वाट काढली ती एका तांत्रिक निर्णयाने. सॉफ्टवेअरची प्रत एकच ठेवायची आणि त्यात हजारो ग्राहकांची माहिती वेगवेगळ्या कप्प्यांत राखायची, जशी एका चाळीत अनेक बिऱ्हाडे. दुरुस्ती एकदा केली की सगळ्यांना एकदम मिळते. १९९८ मध्ये निघालेली नेटलेजर, पुढची नेटस्वीट, याच मार्गाने छोट्या धंद्यांचे हिशेब वेबवर ठेवू लागली. १९९९ मध्ये मार्क बेनिऑफ आणि तीन सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सदनिकेत सेल्सफोर्स सुरू केली.

सेल्सफोर्सचे खरे कौशल्य जाहिरातीत होते. फेब्रुवारी २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्रतिस्पर्धी सीबेल कंपनीचे संमेलन भरले असताना तिने भाड्याचे नट आणून दाराशी मोर्चा काढला. हातात ‘सॉफ्टवेअरचा अंत’ अशा अर्थाचे फलक आणि सोबत खोटे टीव्ही वार्ताहर असा तो थाट होता. सॉफ्टवेअरच विकणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह ‘सॉफ्टवेअर’ या शब्दावर काट मारलेले असावे, यातली गंमत ग्राहकांना खटकली नाही. २००६ मध्ये ॲमेझॉनने साठवण आणि संगणनशक्ती भाड्याने द्यायला सुरुवात केल्यावर तर नव्या कंपनीला स्वतःचे सर्व्हरही घ्यावे लागेनासे झाले. मायक्रोसॉफ्टचे ऑफिस ३६५ आले २०११ मध्ये. २०१३ मध्ये अडोबीने आपल्या चित्रसंपादनाच्या संचाच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले, तेव्हा मुद्रण-जाहिरातीच्या धंद्यातून ओरड झाली, पण निर्णय फिरला नाही.

भारतात ही सॉफ्टवेअर तयार करणारे लवकर पुढे आले, वापरणारे उशिरा. चेन्नईशी नाते असलेली, १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट म्हणून सुरू झालेली कंपनी २००५ पासून झोहो या नावाखाली ऑनलाइन सॉफ्टवेअर देऊ लागली. पुण्यात २००८ साली सुरू झालेल्या ड्रुवाने क्लाउडवर बॅकअप ठेवण्याचा व्यवसाय उभा केला, तर मुंबईच्या ब्राउझरस्टॅकने वेबसाइट तपासण्याचा. पण त्यांचे मोठे ग्राहक परदेशात होते. इथला दुकानदार टॅलीवर समाधानी होता आणि खात्याची वही परक्याच्या घरी ठेवायला तयार नव्हता. त्याचा संशय मागासलेपणाचा म्हणून हसण्यावारी नेणे चुकीचे ठरेल. सर्व्हर परदेशात, भाडे डॉलरमध्ये आणि ब्रॉडबँड दुपारी कधीही बंद, अशा स्थितीत तो व्यवहारीच होता.

अपवाद घडला तो बँकांत. नागरी सहकारी बँका देशात सर्वाधिक आहेत त्या महाराष्ट्रात. दोन-चार शाखांच्या बँकेला कोअर बँकिंगसाठी स्वतःचे डेटा सेंटर आणि आपत्तीसाठी दुसरे केंद्र बांधणे परवडण्यासारखे नव्हते. त्यामुळे भाड्याची प्रणाली या बँकांना सोयीची पडली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१६ मध्ये यासाठी योजनाच काढली. रिझर्व्ह बँकेशी संलग्न इफ्टास संस्थेच्या प्रणालीवर येणाऱ्या बँकेच्या आरंभीच्या उभारणीचे ४ लाख रुपये रिझर्व्ह बँक देणार आणि पुढचे मासिक भाडे बँकेने भरायचे.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत परिस्थिती बदलली ती दोन-तीन वर्षांत आणि तीही स्वस्ताईपेक्षा करकायद्यामुळे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत डेटा सेंटरे सुरू केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्याने इंटरनेट स्वस्त झाले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीचे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर पोहोचवणे भाग पडले. खरेदीदाराला कराची वजावट मिळायची तर विक्रेत्याने भरलेली नोंद तिथे दिसायला हवी. म्हणजे हिशेब भिंतीआड राहणे कायद्यानेच संपले. एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल लागले. ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीला होती, ती उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. पोर्टलकडून क्रमांक आणि क्यूआर कोड आल्याशिवाय ज्याचे बिलच वैध होत नाही, त्याला इंटरनेटपासून दूर राहून काय मिळणार?

त्यातच २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी सुरू झाली, आर्थिक वर्ष संपायला जेमतेम आठवडा उरला असताना. हिशेब दुकानातल्या संगणकात आणि दुकानाला कुलूप. ज्यांची खाती ऑनलाइन होती त्यांचे अकाउंटंट घरून काम करत राहिले, बाकीचे परवानगीच्या खटपटीत अडकले. विक्रेत्यांच्या कित्येक वर्षांच्या समजावणीने जे झाले नव्हते, ते त्या काही आठवड्यांनी केले.

यानंतरचे नियम क्लाउडचेच अस्तित्व गृहीत धरतात. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार कंपन्यांनी आपल्या इलेक्ट्रॉनिक हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवायची आहे. एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नोंदीतील फेरबदलाचा माग राखणारेच सॉफ्टवेअर कंपन्यांना चालते. मागच्या तारखेची नोंद गुपचूप बदलण्याची जुनी सोय त्यामुळे गेली, याबद्दल फार थोडे लोक उघडपणे हळहळतात. टॅलीनेही आपले सॉफ्टवेअर ॲमेझॉनच्या क्लाउडवरून चालवण्याची सोय दिली आहे. मात्र अनेक पेढ्या अजून मूळ हिशेब स्वतःच्या संगणकात आणि बॅकअप, बिले, विवरणपत्रे ऑनलाइन अशी विभागणी करतात.

भाड्याच्या व्यवस्थेतला खरा पेच वर्गणी थांबवताना समोर येतो. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि वर्गणी बंद झाल्यावर विक्रेता माहिती किती दिवस ठेवील हे त्याच्या करारावर अवलंबून असते. सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी प्रत्येक वर्षाची लेजरे, स्टॉकची नोंद आणि बिलांच्या पीडीएफ उतरवून घेण्याचा सल्ला सीए देतात. ती सगळी प्रत पुन्हा एकदा पेनड्राइव्हवर घेऊन त्यांच्याच कार्यालयात ठेवली जाते.