नाणं, खण आणि चिठ्ठी

माझा धंदा बाइंडिंगचा. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात वडिलांनी सुरू केलेला कारखाना आता मी चालवते. लाल कापडाच्या चोपड्या, कॉलेजचे प्रबंध, वाचनालयांचे मासिकांचे गठ्ठे ही आमची रोजची कामं. अलीकडे त्यात नाणी जमवणाऱ्यांची भर पडली आहे. कुणाला फाटका अल्बम नव्यानं बांधून हवा असतो, कुणाला खास मापाची पेटी. "ताई, कुठला अल्बम घेऊ?" हा प्रश्न प्रत्येकाचाच. त्याचं उत्तर शोधता शोधता लोक पूर्वी नाणी कशात ठेवत, हे मी वाचत गेले आणि माझं मत पक्कं झालं. माणसाला नाण्याचं काय हवं होतं ते त्याच्या ठेवण्यावरून कळतं, आणि नाण्याबरोबर त्याचा ठावठिकाणाही जिथे टिकतो तीच जागा चांगली.

सगळ्यात जुनी जागा म्हणजे जमीन. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं वरून आपला ठसा मारलेला. गौतमीपुत्रानं नहपानाची सत्ता मोडली आणि त्याचाच पैसा आपल्या नावानं चालवला, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. ही नाणी एकेक करून वेगवेगळ्या सोनारांकडे गेली असती, तर मुशीत गेल्यावर त्यांची चांदी तेवढी उरली असती. साठा एकत्र राहिला म्हणून तो बोलला. नाण्याइतकीच त्याची संगत मोलाची असते, हे मला जोगळटेंभीनं शिकवलं.

पेशवाईतल्या पोतदाराला नाण्याच्या इतिहासाशी कर्तव्य नव्हतं. त्याला कस पाहायचा होता. चांदवडी कोणता, अंकुशी कोणता, कुणावर किती बट्टा लावायचा, हे ठरवून तो रुपये थैलीत भरी. थैलीत नाण्यावर नाणं घासलं तरी वजन भरलं म्हणजे झालं. घरातल्या बाईला मात्र नाणं दिसायला हवं होतं. आपल्या पुतळ्यांच्या माळेचं मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकॅटमध्ये आहे. हे नाणं १२८४ साली सुरू झालं आणि पाचशे वर्षं त्याचं साडेतीन ग्रॅम वजन आणि सोन्याचा कस जवळपास हलला नाही, म्हणून तांबड्या समुद्रामार्गे ते आपल्याकडे आलं आणि विश्वासानं ठेवून घेतलं गेलं. त्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख असे दोघे आहेत. आपल्या सोनारांनी त्याच घाटाच्या पुतळ्या पाडल्या, वर कडी डाखली आणि त्या गळ्यात आल्या. कडी काढलेल्या पुतळीवर डाखाची खूण राहते. संग्राहक ती दोष म्हणून दाखवतात. मला ती खूण फार आवडते, कारण ते नाणं कुणाच्या तरी अंगावर मिरवलं गेल्याची ती नोंद आहे.

जपून आणि ओळीनं लावून नाणी ठेवण्याची पद्धत वाढली ती युरोपात. १३५४ साली मांतुआ इथे कवी पेत्रार्कानं सम्राट चौथ्या चार्ल्सला रोमन सम्राटांच्या मुद्रा असलेली नाणी भेट दिली; या पूर्वजांचा कित्ता गिरव, असं सांगण्यासाठी. पुढे राजेरजवाड्यांनी आणि डॉक्टर-धर्मगुरूंनी नाण्यांसाठी लाकडी कपाटं करून घेतली. त्यांत उथळ खण, खणात गोल खळगे, एका खळग्यात एक नाणं. लाकूड बहुधा महोगनी. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ सुटत राहते आणि शिशाच्या वस्तूंवर तिचा पांढरा भुगा चढतो, हे अनुभवानं कळलेलं होतं.

या कपाटातला मला सगळ्यात भावलेला भाग लाकडाचा नाहीच. प्रत्येक नाण्याखाली खळग्याच्या मापाची गोल चिठ्ठी असे. तिच्यावर बारीक अक्षरात राजाचं नाव, टांकसाळ, नाणं कुणाच्या संग्रहातून आलं, कधी घेतलं, किती पैसे मोजले हे लिहिलेलं. नाणं विकलं की चिठ्ठीही बरोबर जाई. नवा मालक तिच्यावर भर घाली किंवा आपली चिठ्ठी खाली सरकवी. काही नाण्यांची दोन-दोनशे वर्षांची वंशावळ आज सांगता येते ती या बोटभर कागदांच्या जिवावर.

अल्बम आला तो अमेरिकेत, आणि तो पुठ्ठ्याचा आला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातल्या शिपेन्सबर्ग गावच्या बाइस्टल नावाच्या माणसानं पुठ्ठ्याच्या पानात भोकं पाडून दोन्ही बाजूंनी सेल्युलॉइडच्या सरकत्या पट्ट्या बसवल्या. नाणं दोन्हीकडून दिसू लागलं. न्यूयॉर्कचे व्यापारी वेट रेमंड यांनी हे अल्बम देशभर नेले. मात्र पट्टी ओढताना नाण्याच्या उंच भागावरून, म्हणजे मुद्रेच्या गालावरून घासत जाते. त्या ओरखड्यांच्या समांतर रेघा जुन्या नाण्यांवर भिंगाखाली आजही दिसतात.

खरी क्रांती केली ती एका स्वस्त फलकानं. १९३४च्या सुमारास विस्कॉन्सिनमधल्या नीना गावच्या जे. के. पोस्ट यांनी लिंकनच्या मुद्रेच्या एक सेंटच्या नाण्यांसाठी भोकांचा पुठ्ठा काढला. प्रत्येक भोकाखाली वर्ष आणि टांकसाळीचं अक्षर छापलेलं. रसीन शहरातल्या व्हिटमन कंपनीनं तो धंदा पुढे घेतला, आणि आर. एस. योमन यांनी तो घरोघरी पोचवला. किंमत पंचवीस सेंट. मंदीचे दिवस होते. करमणुकीवर खर्च करायला पैसे नव्हते, पण खिशातली चिल्लर रोज बदलत होती. पोरंसोरं, दुकानदार, ट्रामचे कंडक्टर, सगळे चिल्लर चाळू लागले. १९०९ सालच्या, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या आणि शिल्पकाराची आद्याक्षरं असलेल्या सेंटची ४ लाख ८४ हजारच नाणी पाडली होती. ते भोक बहुतेकांचं रिकामंच राही. १९४०च्या आसपास मोठा फलक घडी घालता येणाऱ्या पुस्तकाच्या रूपात आला आणि कपाटात उभा राहू लागला.

त्या पुठ्ठ्यानं नाणी जमवणं राजवाड्यातून स्वयंपाकघराच्या टेबलावर आणलं, हे त्याचं मोठं ऋण आहे. पण त्यात चिठ्ठीची जागा गेली. भोकाखाली वर्ष छापलेलंच आहे, मग लिहायचं कशाला? यंत्रावर लाखांनी पाडलेल्या एकसारख्या सेंटला ते चालून गेलं. आपल्याकडच्या नाण्यांना ते चालत नाही.

आपली १९५७ नंतरची कितीतरी दशमान नाणीसुद्धा गोल भोकात बसत नाहीत: पाच पैसे चौकोनी, दोन आणि दहा पैसे नागमोडी कडेचे, पुढे १९६४चे तीन पैसे षट्कोनी. म्हणून आपल्याकडे चालला तो प्लास्टिकच्या खिशांचा अल्बम. तो स्वस्त आणि दोन्हीकडून दिसणारा, पण त्यातले बरेच खिसे मऊ पीव्हीसीचे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य काही वर्षांत बाहेर पाझरतं, प्लास्टिकही आम्ल सोडू लागतं, आणि तांब्याच्या नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. कोकणातल्या, मुंबईतल्या दमट हवेत तो आणखी लवकर येतो. गिऱ्हाईक अल्बम घेऊन आलं की मी आधी पान हुंगते. नव्या रेनकोटसारखा वास आला की शंका घ्यायची. मग तांब्याची तार गॅसवर लाल करून प्लास्टिकच्या कोपऱ्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसीच. हे खिडकीशी, उघड्या हवेत करायचं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे खिसे ही परीक्षा पास होतात.

शिवराईचा प्रश्न याहून वेगळा. ती हातानं पाडलेली. तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान असला की अक्षरं कडेबाहेर जातात. एका शिवराईवर 'श्री राजा शिव'मधला 'राजा' पुरता उमटलेला असतो आणि 'शिव'चा वरचाच भाग. उलट बाजूला 'छत्र' ठसठशीत आणि 'पति' अर्धा. दोन शिवराया एकसारख्या नसतात. त्या जाडही असतात. दहा ग्रॅमची एक धरली तरी वीस खिशांच्या पानावर दोनशे ग्रॅम होतात, दहा पानांचे दोन किलो. कड्यांचा अल्बम उभा ठेवला की पानं खाली ओढली जातात, भोकं फाटतात, कणा सुटतो. अशा संग्रहाला मी पेटीच करून देते. आम्लविरहित पुठ्ठ्याचे उथळ खण, सरसाऐवजी गव्हाच्या सत्त्वाची खळ, आणि खणाच्या तळाशी चिठ्ठी. चिठ्ठीला मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांचा कागद वापरते आणि पेन्सिलीनं लिहायला सांगते. बॉलपेनची शाई पसरते.

वाईकडचं एक कुटुंब आजोबांच्या शिवराया घेऊन आलं होतं. आजोबांनी प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत बांधून वर लिहून ठेवलेलं: कुठल्या बाजारात, कुठल्या भांडीवाल्याच्या मोडीत, कुठल्या विहिरीचा गाळ काढताना. नाणी छान दिसावीत म्हणून नातवंडांनी पुड्या सोडून ती महागड्या अल्बमात लावली आणि बऱ्याचशा पुड्या केरात गेल्या. उरलेल्या थोड्या पुड्यांतून एक गोष्ट दिसली. विहिरीतल्या सगळ्या शिवराया एकाच वळणाच्या अक्षरांच्या होत्या, बहुधा एकाच ठशाच्या. बाकीच्यांबद्दल असं काही आता कुणालाच सांगता येणार नाही. नाणी सगळी शाबूत आहेत, चकचकीत आहेत, आणि इतिहासाच्या दृष्टीनं निम्मी मुकी झाली आहेत.

तेव्हा 'कुठला अल्बम?' याला माझं उत्तर उलट्या टोकानं सुरू होतं. आधी वही घ्या आणि प्रत्येक नाण्याचं वजन, व्यास, ते कुठे मिळालं, कुणाकडून, कधी आणि कुठल्या नाण्यांबरोबर, हे लिहा. एकत्र मिळालेली नाणी एकत्रच ठेवा. एखाद्या राजाचं पान पुरं करायला त्यांची ताटातूट करू नका. मग जाडी मोजा. दशमान नाण्यांना पॉलिएस्टर खिडकीचे चौकोनी होल्डर बरे. त्यांच्या पिना दाबून सपाट करा. शिवराईला खणाची पेटी घ्या. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि लोकर चांदीपासून लांब ठेवा, त्यांतल्या गंधकानं ती काळी पडते. आणि दुकानात दोन अल्बमांमध्ये अडलात, तर सोनेरी अक्षरांचं कव्हर बघू नका. ज्याच्या खिशात नाण्यामागे चिठ्ठी मावते, तो घ्या.