बदलून बघण्याची विद्या

नव्वदच्या दशकात घरचा कॉम्प्युटर चालू होईनासा झाला की येणारा दुरुस्तीवाला आधी कॅबिनेटची बाजू उघडी. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासायचे, पट्टी पुन्हा खाचेत दाबायची आणि बटण दाबून बघायचे. तेवढ्याने भागले नाही तर पिशवीतली दुसरी रॅम, मग दुसरा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), मग दुसरे डिस्प्ले कार्ड. या रीतीकडे शिकलेले इंजिनिअर नाक मुरडूनच बघत आले आहेत. ‘हा निदान करत नाही, नुसता पार्ट बदलतो’ हा त्यांचा आरोप. माझे म्हणणे असे, की पार्ट बदलणे हेच त्या यंत्राचे निदान होते. ही रीत कुणा कारागिराच्या अज्ञानातून आली नव्हती. यंत्राची रचना आणि सुट्या भागांचा बाजार या दोघांनी मिळून ती घडवली, आणि ते दोन्ही बदलले तशी ती घरातून उठू लागली.

त्याआधीचा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन एकेका रेझिस्टर-कपॅसिटरपर्यंत उतरत असे. सर्किटचा नकाशा हाती असे आणि भाग डोळ्यांना दिसण्याएवढे मोठे होते. पण तोही व्हॉल्व्ह मात्र बदलूनच पाही, कारण व्हॉल्व्ह खाचेत बसणारा होता. जे सुटते ते बदलून बघावे, जे सुटत नाही ते मोजून बघावे, हा हिशेब तेव्हापासूनचा. ऑगस्ट 1981मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत खाचांची संख्या एकदम वाढली. आयबीएमने हे यंत्र घाईने, बाजारात मिळणारे भाग जुळवून उभे केले होते आणि त्याची तांत्रिक माहिती सर्किटच्या नकाशांसकट छापून विकायला ठेवली होती. त्यामुळे कुणालाही त्यात बसणारे कार्ड बनवता येऊ लागले. पुढे कॉम्पॅकने आणि मग फिनिक्स कंपनीने आयबीएमच्या बायॉसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, कायद्यात बसेल अशी नक्कल केली, तसे अख्खे यंत्रच कुणालाही बनवता येऊ लागले. एका कंपनीची रॅम दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डात चालते, ही आज साधी वाटणारी गोष्ट दुरुस्तीच्या इतिहासात फार मोठी आहे.

मुंबईत या सुट्या भागांचे घर म्हणजे लॅमिंग्टन रोड. 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव महापालिकेने कधीच पुसले, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, तोंडात मात्र जुनेच नाव राहिले. सिनेमागृहांच्या या रस्त्यावर रेडिओचे आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचे दुकानदार आधीपासून होते. नोव्हेंबर 1984च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले, 1991नंतर दार आणखी उघडले, आणि 1997मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाल्यावर भारताला संगणकाच्या भागांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणावे लागले. तैवानचे मदरबोर्ड गल्ल्यांत दिसू लागले ते याच प्रवाहात. ब्रँडेड यंत्राच्या तुलनेत बऱ्याच कमी पैशांत ‘असेंबल्ड’ मिळू लागले, आणि जो जोडतो तोच बिघडल्यावर घरी येतो असा धंदा बसला. पुण्यात तपकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट, बंगळूरमध्ये एसपी रोड, सगळीकडे हेच चित्र. दुरुस्तीवाल्याच्या पिशवीतला जादा एसएमपीएस हे त्याचे मोजमापाचे साधन होते, कारण तो लागला नाही तर दुसऱ्या दिवशी दुकानात परत देता येई. बाजार हाकेच्या अंतरावर नसता तर ही विद्या परवडलीच नसती.

आता आक्षेप. हा निव्वळ जुगाड होता असे म्हणणाऱ्यांनी आयबीएमचीच सर्व्हिसची पुस्तके पाहावीत. यंत्र चालू होताना दिसणारा आकडा वाचा, 201 म्हणजे मेमरी, 301 म्हणजे की-बोर्ड, 1701 म्हणजे हार्ड डिस्क. एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्ड. मग तो अख्खा भाग बदला, अशीच त्यांची शिकवण. कंपनीच्या टायवाल्या इंजिनिअरने केले तर पद्धत आणि लॅमिंग्टन रोडच्या पोराने केले तर जुगाड, हा न्याय विचित्र आहे. खोडरबराचेही तसेच. मुंबईच्या दमट, खारट हवेत संपर्काच्या जागी मळ आणि गंज धरतो आणि घासल्याने तो निघतो. सोन्याचा मुलामा जेमतेम मायक्रॉनभराचा, म्हणून दर महिन्याला घासणे वाईट, हे खरे. पण उपाय बिनबुडाचा नव्हता. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. बदलून बघण्याला ‘का’ कळत नाही. सीओएम-1वर माउस आणि सीओएम-3वर मोडेम असेल तर दोघेही प्रोसेसरला हाक मारायची एकच वाट, चौथा इंटरप्ट, मागत. इंटरनेटचा नंबर फिरवला की माउस गोठे. इथे दहा माउस बदलले तरी गुण येणार नव्हता, जम्पर हलवणाऱ्यालाच तो आला. 2000नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर मदरबोर्डांवर फुगू लागले. यंत्र आपोआप रीस्टार्ट होई, रॅम बदलली तरी होई, एसएमपीएस बदलला तरी होई. टोपी फुगलेला कपॅसिटर नजरेने हेरून तेवढाच बदलणारे होते ते पुन्हा रेडिओवाल्यांच्या परंपरेतले. म्हणजे बदलण्याच्या विद्येला मर्यादा होत्याच. तिच्या जोडीला डोळस ज्ञान लागे आणि चांगल्या कारागिरांपाशी ते असे.

या विद्येचा खरा पराभव झाला तो नेटवर्कपाशी. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी जनतेसाठी इंटरनेट सुरू केले आणि बिघाड प्रथमच घराबाहेर गेला. पावसाळ्यात टेलिफोनच्या जोडात पाणी शिरले की लाइन खरखरे आणि मोडेमचा वेग गळून पडे. रस्त्याखालची केबल पिशवीत आणून कोण बदलणार? पुढे केबलवाल्यांनी गच्च्यांवरून इथरनेटच्या वायरी टाकल्या. तांब्याच्या या वायरीची मर्यादा 100 मीटर आणि ती सर्रास ओलांडली जाई. विजा चमकल्या की लॅन कार्डे जळत. टेलिफोनच्याच तारेवरून चालणारे एडीएसएल आल्यावर फिल्टर न लावलेला फोन वाजला की नेट तुटे. अशा ठिकाणी दुसरी रीत लागते: रस्त्याचे तुकडे पाडून कुठपर्यंत सगळे ठीक आहे ते पाहायचे. तिचे हत्यार 1983च्या डिसेंबरात अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी लिहिले, ते ‘पिंग’. आधी स्वतःच्या यंत्राला हाक, मग राउटरला, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, शेवटी नावाने. आकड्याने उत्तर येते आणि नावाने येत नाही, तर दोष डीएनएसचा. हे ज्ञान फुकट आहे, त्याला एकही पार्ट लागत नाही, आणि तरी घरोघरी पसरले ते दुसरेच: ‘राउटर बंद करून चालू करा.’ ते बरेचदा चालते, कारण राउटरच्या मेमरीत साचलेला घोळ पुसला जातो. पण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो, आणि तोच बिघाड चार दिवसांनी परत येतो. हेल्पलाइनला ते सोयीचे, कारण तक्रार तेवढ्यापुरती बंद होते.

मग घरच्या यंत्रातल्या खाचाच कमी होऊ लागल्या. साउंड कार्ड आणि लॅन कार्ड मदरबोर्डात विरघळले, डेस्कटॉपच्या जागी लॅपटॉप आला, आणि पातळ लॅपटॉपांत रॅमही बोर्डावर सोल्डर होऊ लागली. 2008च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये ती तशीच होती. कंपन्या म्हणतात, जोड कमी तितके बिघाड कमी, आणि यंत्र पातळ होते, वीज कमी खाते. यातले काही खोटे नाही; खोडरबराची गरज खरोखरच उरली नाही. पण तो हिशेब बिघाड होईपर्यंतचाच आहे. पूर्वी रॅम गेली तर रॅमचे पैसे जात, आता बोर्डाचे जातात, आणि कित्येकदा नवे यंत्र घेणेच स्वस्त पडते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केले. पाऊल योग्य आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि सोल्डर केलेली चिप पोर्टलने सुटत नाही. तोवर नवा लॅपटॉप घेताना रंग आणि सवलत विचारून झाली की रॅम आणि डिस्क खाचेत आहेत की सोल्डर केलेल्या, एवढे दुकानदाराला जरूर विचारा.